इंग्रजीतला अपोझिटिव्ह : दोन स्वल्पविरामांमधलं नाम

'माझा भाऊ सुनील पुण्यात राहतो' असं मराठीत लिहिलं की झालं. भाऊ एक आहे की चार, याची त्या वाक्याला फिकीर नसते. हेच वाक्य इंग्रजीत लिहिताना मात्र आधी भाऊ मोजावे लागतात. एकच भाऊ असेल तर 'माय ब्रदर, सुनील, लिव्ज इन पुणे'. दोन-तीन असतील आणि त्यांतल्या सुनीलबद्दल बोलायचं असेल तर 'माय ब्रदर सुनील लिव्ज इन पुणे'. शब्द तेच, क्रम तोच. फरक दोन स्वल्पविरामांचा, आणि त्या दोन खुणांनी घरातल्या माणसांची संख्या बदलते.

इथलं 'सुनील' हे नाम म्हणजे अपोझिटिव्ह. एका नामाच्या शेजारी, त्याच व्यक्तीची किंवा वस्तूची ओळख सांगणारं दुसरं नाम ठेवलं की ते अपोझिटिव्ह होतं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच 'शेजारी ठेवणं' असा आहे. संस्कृत व्याकरणाची सवय असलेले याला समानाधिकरण म्हणतात, आणि शाळेत 'केस इन अपोझिशन' किंवा 'नाउन इन अपोझिशन' हे शब्द कानावरून गेलेले असतात. व्याख्या पाठ असते, स्वल्पविराम कुठे द्यायचा ते मात्र परीक्षेनंतरही कळलेलं नसतं.

इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्यानं वाचा आणि स्वल्पविराम दिसेल तिथे किंचित थांबा. वहीत रोमन लिपीत उतरवताना विरामचिन्हं जशीच्या तशी ठेवा.

पहिली पायरी : आहे का, ते तपासा

दोन नामांच्या मध्ये 'इज' घालून बघा. 'रमण, अ फिजिसिस्ट, वन द नोबेल प्राइझ इन 1930.' इथे 'रमण इज अ फिजिसिस्ट' असं म्हणता येतं, म्हणून 'अ फिजिसिस्ट' हा अपोझिटिव्ह. 'रमण, अ पेन इन हिज हँड, स्टूड अप' यातही दोन स्वल्पविरामांमध्ये नाम आहे, पण रमण म्हणजे पेन नव्हे; तेव्हा तो अपोझिटिव्ह नाही. 'रमण, हॅपी विथ द रिझल्ट, स्माइल्ड' यात 'हॅपी' हे विशेषण आहे, नाम नाही. स्वल्पविराम तिथेही येतात, पण नाव वेगळं.

दुसरी पायरी : स्वल्पविराम द्यायचा की नाही

स्वतःला एकच प्रश्न विचारा. शेजारचं नाम झाकलं, तर वाचक 'कोणता?' असं विचारेल का? विचारणार असेल तर ते नाम ओळख पटवायला लागतं; स्वल्पविराम नको. विचारणार नसेल तर ते जादाची माहिती आहे. दोन्ही बाजूंना स्वल्पविराम हवेत.

'महाराष्ट्राज हायेस्ट पीक, कळसूबाई, इज 1,646 मीटर्स हाय.' राज्यातलं सर्वांत उंच शिखर एकच असणार. 'कळसूबाई' झाकलं तरी वाक्य त्याच शिखराबद्दल राहतं, म्हणून स्वल्पविराम. उलट 'द फिजिसिस्ट सी. व्ही. रमण वन द नोबेल प्राइझ' यात नाव झाकलं तर 'द फिजिसिस्ट' म्हणजे कोण, ते कळायला मार्ग नाही. जगात भौतिकशास्त्रज्ञ पुष्कळ. म्हणून स्वल्पविराम नाही. आता तेच शब्द उलटे ठेवा: 'सी. व्ही. रमण, द फिजिसिस्ट, वन द नोबेल प्राइझ.' नावानं ओळख आधीच पटली, मागचं नाम जादा झालं, आणि स्वल्पविराम परत आले.

काही शब्द दिसले की फार विचार करायला नको. 'फर्स्ट', 'ओन्ली', 'लास्ट', 'हायेस्ट', 'ओल्डेस्ट' असे शब्द वस्तू एकच असल्याचं स्वतःच सांगतात, म्हणून त्यांच्यामागच्या नावाला बहुतेक वेळा स्वल्पविराम लागतात. 'माय फ्रेंड रवी' ला नको, कारण मित्र अनेक असतात. 'माय बेस्ट फ्रेंड, रवी,' ला हवेत. 'माय वाइफ, मीना,' ला नियमानं हवेत, पण जवळच्या नात्यात ते गाळणारे चांगले लेखकही भरपूर आहेत. 'माय वाइफ मीना' वाचून कुणी बायका मोजत बसत नाही. परीक्षेत आणि औपचारिक पत्रात मात्र नियम पाळावा.

तिसरी पायरी : दुसरा स्वल्पविराम

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. पहिला स्वल्पविराम लोक देतात, दुसरा विसरतात.

चूक: 'कळसूबाई, द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र इज 1,646 मीटर्स हाय.'
बरोबर: 'कळसूबाई, द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र, इज 1,646 मीटर्स हाय.'

चुकीच्या वाक्यात 'कळसूबाई' हा कर्ता एकीकडे आणि 'इज' हे क्रियापद दुसरीकडे पडलं, मधे एकच भिंत. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम इंग्रजीला चालत नाही. या जोडीला कंसासारखं समजा: उघडला तर बंद करायलाच हवा. विसर पडतो तो अपोझिटिव्ह लांबला की. 'डॉक्टर आंबेडकर, द चेअरमन ऑफ द ड्राफ्टिंग कमिटी ऑफ दि इंडियन कॉन्स्टिट्यूशन' इथपर्यंत येता येता सुरुवातीचा स्वल्पविराम डोक्यातून गेलेला असतो. उपाय अगदी साधा आहे. लिहून झालं की मुख्य क्रियापदावर बोट ठेवा आणि त्याच्या लगेच आधी बघा.

सूट एकाच जागी आहे. अपोझिटिव्ह वाक्याच्या शेवटी आला तर दुसऱ्या स्वल्पविरामाचं काम पूर्णविराम करतो: 'वुई क्लाइम्ड कळसूबाई, द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र.'

चौथी पायरी : 'अ', 'द' की काहीच नाही

मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे 'माय फादर, टीचर इन सातारा, इज ऑन लीव्ह' असं वाक्य सहज लिहिलं जातं. स्वल्पविराम बरोबर, पण 'टीचर' उघडा पडला. अनेकांतला एक असेल तर 'अ': 'माय फादर, अ टीचर इन सातारा, इज ऑन लीव्ह.' त्या जागी तो एकटाच असेल तर 'द': 'माय फादर, द हेडमास्टर ऑफ धिस स्कूल, इज ऑन लीव्ह.' एकाच माणसाकडे असणाऱ्या पदापुढचं 'द' गाळलं तरी चालतं. 'अ' मात्र कधीच गाळू नका.

पद नावाच्या आधी आलं की नियम बदलतो, आणि मराठी वळण इथेच आडवं येतं. आपण 'भारताचे पहिले पंतप्रधान जवाहरलाल नेहरू 1889 मध्ये अलाहाबादला जन्मले' असं एका दमात, एकही स्वल्पविराम न देता लिहितो. इंग्रजीत दोन वेगळी रूपं होतात. 'प्राइम मिनिस्टर जवाहरलाल नेहरू' मध्ये पद हे नावाला चिकटलेली उपाधी आहे, 'डॉक्टर' किंवा 'कर्नल'सारखी. स्वल्पविराम नाही, आर्टिकल नाही. पण 'इंडियाज फर्स्ट प्राइम मिनिस्टर, जवाहरलाल नेहरू, वॉज बॉर्न इन अलाहाबाद इन 1889' इथे पुढचा भाग पूर्ण नामसमूह आहे आणि 'फर्स्ट'मुळे माणूस एकच, म्हणून दोन्ही स्वल्पविराम. वर्तमानपत्री इंग्रजीत 'फिजिसिस्ट सी. व्ही. रमण' असं आर्टिकलविना लिहितात. निबंधात 'द फिजिसिस्ट सी. व्ही. रमण' बरं दिसतं. 'फिजिसिस्ट, सी. व्ही. रमण वन' ही तिसरी तऱ्हा कुठेच चालत नाही.

पाचवी पायरी : 'हू', 'व्हिच' आणि आपला 'जो-तो'

अपोझिटिव्ह म्हणजे बहुतेक वेळा तासून लहान केलेलं विशेषणवाक्य. 'माय अंकल, हू इज अ रिटायर्ड ऑफिसर, ग्रोज ग्रेप्स इन सांगली.' यातले 'हू इज' काढले की 'माय अंकल, अ रिटायर्ड ऑफिसर, ग्रोज ग्रेप्स इन सांगली' हे नेटकं वाक्य उरतं. पण ही कात्री 'हू इज', 'व्हिच इज', 'हू वॉज' यांच्या मागे नाम असेल तेव्हाच चालवावी. 'द गोदावरी, व्हिच राइझेस ॲट त्र्यंबकेश्वर, फ्लोज ईस्ट' यात 'राइझेस' हे खरं क्रियापद आहे. तिथे 'व्हिच' ठेवावाच लागतो.

आता मराठी माणसाची खास चूक. 'जो मुलगा काल आला तो माझा भाऊ आहे' यात 'जो' आला की 'तो' यायलाच हवा. ती आपल्या व्याकरणाची जोडी आहे. ती जोडी इंग्रजीत तशीच उतरते आणि 'द बॉय हू केम यस्टरडे ही इज माय ब्रदर' असं वाक्य तयार होतं. इंग्रजीत 'द बॉय' हाच 'इज'चा कर्ता आहे. 'ही'ला तिथे जागाच नाही. हाच 'तो' अपोझिटिव्हच्या मागेही घुसतो: 'माय अंकल, अ रिटायर्ड ऑफिसर, ही ग्रोज ग्रेप्स.' 'ही' खोडा. याचाच भाऊ म्हणजे 'द पेन व्हिच आय बॉट इट'. इथे 'व्हिच' हेच 'बॉट'चं कर्म आहे, मग 'इट' कशाला?

स्वल्पविरामाचा नियम विशेषणवाक्यालाही तोच, फक्त इथे चुकीचा परिणाम जास्त गंभीर. शाळेच्या फळ्यावर 'स्टुडंट्स हू हॅव नॉट पेड द फीज शुड मीट द क्लार्क' लिहिलं तर फी बाकी असलेलेच जातील. 'स्टुडंट्स, हू हॅव नॉट पेड द फीज, शुड मीट द क्लार्क' लिहिलं तर कुणीच फी भरलेली नाही असा अर्थ होतो, आणि क्लार्कच्या टेबलापुढे अख्खी शाळा.

'व्हिच' की 'दॅट' यावर वाद बराच आहे, कामाचं तेवढं असं. स्वल्पविराम असेल तर वस्तूसाठी 'व्हिच'च, 'दॅट' नाही. स्वल्पविराम नसेल तर अमेरिकी पद्धत 'दॅट' पसंत करते, ब्रिटिश पद्धतीत दोन्ही चालतात. आपल्या शाळांमधलं इंग्रजी ब्रिटिश वळणाचं, तेव्हा 'द बस व्हिच गोज टू वाई' ही चूक नव्हे. संगणकानं खाली रेघ ओढली तरी घाबरू नका. आणि 'व्हिच' कधी कधी एका नामाऐवजी अख्ख्या वाक्याकडे बोट दाखवतो: 'ही फेल्ड इन इंग्लिश, व्हिच सरप्राइज्ड एव्हरीवन.' मराठीत तिथे आपण 'याचं सगळ्यांना नवल वाटलं' म्हणू. हा 'व्हिच' स्वल्पविरामाशिवाय येत नाही.

सहावी पायरी : 'ही बातमी' आणि 'जी बातमी'

अपोझिटिव्ह म्हणून नुसतं नामच नव्हे, पूर्ण नामवाक्यही येतं. 'द न्यूज दॅट ही हॅड फेल्ड रीच्ड अस लेट.' बातमी कोणती? तो नापास झाला, हीच. 'इज' घालून बघा: 'द न्यूज इज दॅट ही हॅड फेल्ड.' जमलं. आता याच्याशेजारी 'द न्यूज दॅट ही ब्रॉट वॉज बॅड' ठेवा. दिसायला सारखं, पण हे विशेषणवाक्य आहे. त्यानं आणलेली बातमी वाईट होती; बातमीत काय होतं ते वाक्य सांगतच नाही.

इंग्रजीचे शिक्षक हा फरक 'दॅट'च्या जागी 'व्हिच' बसतो का, यावरून शिकवतात. मराठी बोलणाऱ्याकडे याहून सोपी कसोटी आहे. वाक्य मराठीत म्हणा. 'तो नापास झाला ही बातमी' असं 'ही' किंवा 'अशी' आलं तर अपोझिटिव्ह. 'जी बातमी त्यानं आणली ती' असं 'जी-ती' आलं तर विशेषणवाक्य. अपोझिटिव्ह असेल तर फक्त 'दॅट' वापरायचा; 'द न्यूज व्हिच ही हॅड फेल्ड' हे चूक. विशेषणवाक्य असेल तर 'दॅट', 'व्हिच' किंवा चक्क काहीच नाही: 'द न्यूज ही ब्रॉट वॉज बॅड.'

'फॅक्ट', 'न्यूज', 'आयडिया', 'बिलीफ', 'होप', 'रूमर', 'प्रूफ' या नामांमागे असं 'दॅट'वाक्य येतं. सगळ्याच नामांमागे येत नाही. 'लवकर उठण्याची सवय' याला 'द हॅबिट दॅट' नव्हे, 'द हॅबिट ऑफ रायझिंग अर्ली'. 'बाहेर जायची परवानगी' म्हणजे 'पर्मिशन टू गो आउट'. मराठीत 'ण्याची' किंवा 'ायची' आलं की 'दॅट' बाजूला ठेवा आणि 'ऑफ' की 'टू' ते शब्दकोशात बघा.

सातवी पायरी : वाक्याच्या तोंडाशी

अपोझिटिव्ह आधी, नाम नंतर, अशीही रचना करता येते. ती झोकदार दिसते, म्हणून निबंधात सगळ्यांना हवी असते, आणि तिथेच घसरते.

चूक: 'अ ग्रेट रिफॉर्मर, जोतिराव फुलेज स्कूल फॉर गर्ल्स ओपन्ड इन 1848.'
बरोबर: 'अ ग्रेट रिफॉर्मर, जोतिराव फुले ओपन्ड अ स्कूल फॉर गर्ल्स इन पुणे इन 1848.'

पहिल्या वाक्यात सुधारक कोण झालं? शाळा. स्वल्पविरामानंतर येणारं पहिलं नाम अपोझिटिव्हचं धनी असतं. 'फुलेज' हे तिथे षष्ठीचं रूप आहे, खरं नाम 'स्कूल'. मग पुन्हा 'इज' घालून बघा.

छोट्या-मोठ्या गोष्टी

क्रियापद मूळ नामाप्रमाणे चालतं, अपोझिटिव्हप्रमाणे नाही. 'हिज ओन्ली प्रॉपर्टी, टू एकर्स ऑफ लँड, वॉज सोल्ड.' 'एकर्स' ऐकून 'वॉज'ऐवजी 'वर' लिहायचा मोह होतो; 'प्रॉपर्टी' एकवचनी आहे.

सर्वनाम मूळ नामाची विभक्ती घेतं. 'द टीचर पनिश्ड टू बॉइज, रवी अँड मी.' 'रवी अँड आय' जास्त सुशिक्षित वाटतं, पण 'बॉइज' हे कर्म आहे, म्हणून इंग्रजी 'मी', म्हणजे आपलं 'मला'. तसंच 'वुई स्टुडंट्स वॉन्ट अ होलिडे', पण 'गिव्ह अस स्टुडंट्स अ होलिडे'. ओळख करून देताना सर्रास ऐकू येणारं 'मायसेल्फ प्रकाश' मात्र कुठल्याच नियमात बसत नाही. 'आय ॲम प्रकाश' म्हणा. 'आय'ला अपोझिटिव्ह जोडायची हक्काची जागा म्हणजे प्रतिज्ञापत्र: 'आय, दि अंडरसाइन्ड, डू हिअरबाय डिक्लेअर'. तिथेही क्रियापद 'आय'चंच.

'चा-ची-चे'साठी लागणारा अपॉस्ट्रॉफी एस शेवटच्या नामाला लावतात: 'माय ब्रदर सुनील्स बाइक'. स्वल्पविराम असलेल्या जोडीत हे फार अवघडून बसतं. तिथे वाक्यच बदला.

'पुणे शहर' म्हणजे 'द सिटी ऑफ पुणे', 'जून महिना' म्हणजे 'द मंथ ऑफ जून'. नदीला मात्र 'ऑफ' नको: 'द रिव्हर गोदावरी' किंवा 'द गोदावरी रिव्हर'.

दुसरं नाव सांगणाऱ्या 'ऑर'ला स्वल्पविराम द्या. 'कोकम, ऑर गार्सिनिया इंडिका, ग्रोज इन द कोकण.' दिला नाही तर वाचकाला या दोन वेगळ्या वनस्पती वाटतील.

अपोझिटिव्हमध्येच यादी असेल तर बाहेरून डॅश द्या: 'थ्री सिटीज — पुणे, नाशिक अँड नागपूर — वर चोझन.' सगळीकडे स्वल्पविराम दिले तर शहरं तीन की सहा, हेच कळेनासं होतं.

चार वाक्यं, सुधारण्यासाठी

1. 'लोणार, अ क्रेटर लेक इन बुलढाणा डिस्ट्रिक्ट इज व्हेरी ओल्ड.'
2. 'माय सिस्टर, नर्स इन ठाणे, शी वर्क्स ॲट नाइट.'
3. 'द रूमर व्हिच द स्कूल वॉज क्लोजिंग स्प्रेड फास्ट.'
4. 'द फार्मर्स इन अवर व्हिलेज, हू हॅव नो वेल्स, डिपेंड ऑन द रेन.'

पहिल्यात 'डिस्ट्रिक्ट'नंतर स्वल्पविराम हवा. दुसऱ्यात 'अ नर्स' करा आणि 'शी' काढा. तिसऱ्यात 'शाळा बंद होणार ही अफवा' असं मराठीत येतं, म्हणून 'व्हिच'च्या जागी 'दॅट'. चौथं वाक्य आहे तसं बरोबर असेल किंवा नसेलही. गावात एकाही शेतकऱ्याकडे विहीर नसेल तर स्वल्पविराम राहू द्या. काहींकडे असेल तर दोन्ही काढा. एकच काढायचा नाही.